सहा परीक्षांआधीचा एक प्रश्न

पत्र :
माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीला चांगले गुण मिळाले, म्हणून तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहेत. कॉलेजचा एका खासगी क्लासशी टाय-अप आहे. अभियांत्रिकीची जेईई मेन, वैद्यकीयची नीट, राज्याच्या सीईटीचे दोन्ही ग्रुप (गणिताचा पीसीएम आणि जीवशास्त्राचा पीसीबी), आयसर या विज्ञान संशोधन संस्थेची परीक्षा आणि बिट्स पिलानीची बिटसॅट अशा सहाही परीक्षांची तयारी करून घेऊ, म्हणजे एकही दरवाजा बंद होणार नाही, असे क्लासने सांगितले आणि आम्हाला ते पटले. आता ती रात्री साडेबाराला झोपते आणि पहाटे साडेपाचला उठते. गणपतीतही दोनच दिवस सुट्टी मिळाली. दर रविवारी टेस्ट होते आणि सगळ्यांचे गुण क्रमवारीने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. तिचा नंबर सतत खाली जातो आहे, विशेषतः फिजिक्समुळे. तिच्या बाबांचे नऱ्ह्याला छोटे वर्कशॉप आहे. तिने डॉक्टर व्हावे असे त्यांना वाटते. तिला विचारले की ती म्हणते, ‘मला माहीत नाही.’ रविवारी टेस्ट संपली की अभ्यासाला बसायचे सोडून वर्कशॉपमध्ये जाऊन कामगारांना प्रश्न विचारत बसते. परवा तर तापवलेल्या छिन्नीला पाणी दिल्यावर ती कडक होते पण ठिसूळही का होते, यावरून तासभर घालवला. क्लास बदलावा का? की अजून एक फिजिक्सची शिकवणी लावावी? सोबत तिच्या मागच्या टेस्टची उत्तरपत्रिका पाठवत आहे.
– एक आई, धायरी, पुणे

उत्तर :
ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि उत्तरपत्रिका त्याहून अधिक वेळा पाहिली. ती पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण मुलीला फिजिक्स जमत नाही हा तुमचा निष्कर्ष त्या कागदांवरून निघत नाही. उत्तरपत्रिकेकडे पुढे वळूच. त्याआधी सहा परीक्षांविषयी बोलणे भाग आहे, कारण घरातला बराचसा ताण तिथून सुरू झाला आहे, असे मला वाटते.

एकही दरवाजा बंद होऊ नये हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो, परंतु या परीक्षांची घडण एकमेकींपासून बरीच वेगळी आहे. नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात आणि त्यांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात. जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात 75 प्रश्न असतात, म्हणजे प्रत्येकाला सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो आणि प्रश्नही त्याच मापाने लांब असतात. आपल्या राज्याच्या सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही, मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईई आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. एका परीक्षेत विचारपूर्वक प्रश्न सोडून देण्याची सवय लागते, तर दुसरीत एकही प्रश्न न सोडण्याची. सोळा वर्षांच्या मुलीला या दोन्ही सवयी एकाच वर्षी, आलटून पालटून दर रविवारी लावायला सांगणे अन्यायाचे आहे. शिवाय गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय पूर्ण ताकदीने करायचे म्हटले, की दिवसाचे तास कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच, आणि तुमच्याकडे तो तिच्या झोपेतून सुटतो आहे.

आता दरवाज्यांचेच बोलायचे, तर ते सगळे सारखे नाहीत. अभियांत्रिकी केलेल्या व्यक्तीला पुढे गेट परीक्षेच्या मार्गाने बायोमेडिकलसारख्या शाखेत एमटेकला जाता येते. बी.एस्सी. करणाऱ्याला जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते, किंवा आयसरमध्ये इंटिग्रेटेड पीएचडीसाठी प्रयत्न करता येतो. बायोटेक्नॉलॉजीची अभियांत्रिकी पदवी घ्यायची असली तरी सीईटीचा पीसीएम ग्रुप चालतो. बहुतेक वाटा पुढे पुन्हा कुठेतरी मिळतात. ज्याचा निर्णय आता जाणीवपूर्वक घ्यावा लागतो असा एकच मोठा पर्याय आहे, तो म्हणजे वैद्यकीय शिक्षण. नीट दिल्याशिवाय तिथे प्रवेश नाही, आणि नीटची तयारी अर्ध्या मनाने होत नाही. म्हणून ‘सहा परीक्षा कशा जमवायच्या’ हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवा, आणि ‘डॉक्टरचे काम तिला स्वतःला करावेसे वाटते का’ या एकाच प्रश्नाचे उत्तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घरात शांतपणे शोधा.

हे उत्तर तिच्याकडून ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा शब्दांत मागू नका, कारण ‘मला माहीत नाही’ हे तिचे उत्तर प्रामाणिक आहे. ज्या कामाचा एकही दिवस जवळून पाहिलेला नाही त्याविषयी कोणालाही काय माहीत असणार? तुमच्या ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरांना विनंती करा आणि सुट्टीतले दोन दिवस तिला त्यांच्या दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात, रुग्णांच्या खासगीपणाला धक्का न लावता, बसू द्या. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप, मग पुन्हा नीट पीजी आणि साधारण तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, हा पल्ला त्यांच्याच तोंडून तिला ऐकू द्या. त्याच सुट्टीत भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात, हीट ट्रीटमेंट (धातूंवरील उष्णताप्रक्रिया) किंवा क्वालिटी विभागात काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याशी तिची भेट घडवून आणा. तुमच्या यजमानांच्या व्यवसायामुळे ही ओळख काढणे तुम्हाला अवघड नाही. पुढे फेब्रुवारीत 28 तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या निमित्ताने पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सर्वांसाठी खुली होते. तिथे एक दिवस जाऊन संशोधक दिवसभर नेमके काय करतात हे तिला विचारू द्या. या भेटींनंतर ‘काय व्हायचं ठरलं?’ असे विचारू नका. ‘यांपैकी कुठे पुन्हा जावंसं वाटतं?’ असे विचारा. त्याचे उत्तर मुले बरेच खरे देतात.

आता छिन्नीविषयी. तुमच्या पत्रातले हे वाक्य तक्रारीच्या सुरात आले आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात ते सर्वांत मोलाचे आहे. लालभडक तापवलेले पोलाद एकदम थंड केले की त्यातील कार्बनला लोखंडाच्या अणुरचनेतून बाहेर पडायला अवधी मिळत नाही. तो तिथेच अडकतो, त्यामुळे धातू अतिशय कठीण होतो आणि त्याच कारणाने ठिसूळही. म्हणून कारागीर तो पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतात. तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न धातुशास्त्राच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांपैकी आहे, आणि तो तिला क्लासच्या कोणत्याही प्रश्नसंचात सापडलेला नाही. शिवाजीनगरच्या सीओईपीमध्ये, म्हणजे 1854 साली सुरू झालेल्या आणि आता तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेल्या आपल्याच गावच्या संस्थेत, धातुशास्त्र आणि पदार्थ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. आयसर पुणे पाषाणला आहे, तिथे हाच प्रश्न भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या बाजूने अभ्यासता येतो. एका प्रश्नावरून करिअर ठरत नाही हे मला मान्य आहे. पण दमलेली मुलगी मोकळा वेळ मिळताच कुठे जाऊन उभी राहते, हे पालकांनी लक्षपूर्वक पाहायलाच हवे. रविवारचा तो तास कृपया बंद करू नका.

समजा दिवाळीपर्यंत तिचा कल डॉक्टरकीकडे स्पष्ट झाला, तर नीट आणि सीईटीचा पीसीबी ग्रुप एवढेच ठेवा आणि गणित केवळ बारावीच्या बोर्डापुरते करा. कल तसा नसेल तर नीट पूर्णपणे सोडून द्या आणि सीईटीचा पीसीएम ग्रुप हा मुख्य धरून त्याला जेईई मेनची जोड द्या. आयसरची परीक्षा दोन्ही परिस्थितींत देता येण्यासारखी आहे, कारण तिच्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी 15 असे 60 प्रश्न असतात आणि तुमच्या मुलीने चारही विषय घेतलेले आहेत. बिटसॅट मात्र मी आत्ताच यादीतून काढून टाकीन, कारण त्या संस्थेत जाण्याची इच्छा तिने किंवा तुम्ही पत्रात कुठेही व्यक्त केलेली नाही. सीईटी मुख्य धरण्याचे कारण असे, की तिच्यातील सुमारे 80 टक्के भार राज्य मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि 20 टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, त्यामुळे बोर्डाचा आणि प्रवेशपरीक्षेचा अभ्यास एकाच पुस्तकातून होऊ शकतो. प्रत्येक परीक्षेचे नियम बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका तुम्ही स्वतः वाचा, क्लासच्या सांगण्यावर राहू नका.

बोर्डाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका, हेही इथेच सांगून ठेवतो. जेईईच्या मार्गाने एनआयटीत किंवा आयआयटीत जायचे तर बारावीला खुल्या प्रवर्गासाठी 75 टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. टाय-अपच्या कॉलेजात प्रात्यक्षिके कागदोपत्री उरकली जातात अशी तक्रार माझ्याकडे वारंवार येते. तुमच्या मुलीला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष उभे राहायला मिळते का, याची चौकशी अवश्य करा. तिच्यासारख्या मुलीचे त्यात गुणांपेक्षाही मोठे नुकसान आहे.

आता उत्तरपत्रिका. जेईईच्या धर्तीवरील या टेस्टमध्ये फिजिक्सचे 25 प्रश्न होते. त्यांपैकी नऊ बरोबर आले, बारा चुकले, चार सोडले, म्हणून 100 पैकी 24 गुण. हा आकडा ग्रुपवर आला आणि घरात फिजिक्सच्या शिकवणीचा विषय निघाला. परंतु चुकलेल्या बारा प्रश्नांच्या शेजारी तिने केलेली कच्ची आकडेमोड वाचली, तर वेगळे चित्र दिसते. पाच प्रश्नांत सूत्र योग्य निवडले आहे, पुढची मांडणीही बरोबर आहे, आणि चूक सेंटिमीटरचे मीटर न करण्यात किंवा ऋण चिन्ह हरवण्यात झाली आहे. तीन प्रश्नांत ‘कोणते विधान अयोग्य आहे’ असे विचारलेले असताना तिने योग्य विधान निवडले आहे. उरलेले चार प्रश्न मात्र तिला खरोखरच आलेले नाहीत, आणि ते चारही चक्रीय गतीवरचे आहेत. हे प्रकरण एनसीईआरटीच्या पुस्तकात अकरावीला आहे, पण आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात ते बारावीचे पहिले प्रकरण आहे. म्हणजे जे तिच्या हातातल्या अकरावीच्या पुस्तकात नाही आणि क्लासमध्ये भरभर उरकले गेले, त्यावरून तिला फिजिक्समध्ये कच्ची ठरवले गेले. पाच आणि तीन असे ते पहिले आठ प्रश्न बरोबर आले असते तर 24 चे 64 झाले असते. यासाठी नवी शिकवणी लागत नाही. आकडेमोडीपूर्वी एकके लिहून काढण्याची आणि प्रश्नातील ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळता’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय लागते.

म्हणून माझा आग्रह असा, की आठवड्याला एक टेस्ट असेल तर ती दोन आठवड्यांनी एक व्हावी आणि वाचलेला रविवार आधीच्या टेस्टच्या चुका पाहण्यात जावा. तिला दोनशे पानी वही द्या. प्रत्येक चुकलेला प्रश्न तिने स्वतःच्या अक्षरात त्यात उतरवावा, चूक कशामुळे झाली ते एका ओळीत लिहावे, आणि आठवड्याने तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवावा. हे शेवटचे काम सगळ्यात महत्त्वाचे आहे. रॉडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. मुले रात्री उशिरापर्यंत रंगीत पेनने अधोरेखन करत बसतात तेव्हा त्यांना अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, मात्र आठवण्याचा सराव झालेला नसतो. वही ती स्वतः पाहील, तुम्ही ती तपासायला मागू नका. चुका लिहिण्याचे धैर्य मुलांमध्ये तेव्हाच येते, जेव्हा त्या कोणी मोजत नसते.

झोपेविषयी मी तडजोड सुचवणार नाही. 13 ते 18 या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते, तुमच्या मुलीला पाच मिळतात, आणि शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. साडेदहाला दिवे मालवा आणि सकाळी साडेसहाआधी उठवू नका, मग त्यासाठी त्या दिवशीचा काही गृहपाठ राहिला तरी चालेल. ती जेवण टाळू लागली, मैत्रिणींशी बोलणे तुटले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काहीही बोलली, तर टेस्ट आणि क्लास सगळे थांबवून आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

क्लास बदलण्याची घाई करू नका, पण त्यांच्याशी लेखी बोला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नसावेत, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, क्लासमधील चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत, आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील क्रमवारी थांबवावी आणि मुलीचे गुण फक्त तुम्हाला कळवावेत, असा अर्ज या सूचनांचा उल्लेख करून द्या आणि त्याची पोच घ्या. आणखी दोन-तीन पालकांनी सही केली तर उत्तमच. तोपर्यंत तुम्ही दोघे त्या ग्रुपमधून बाहेर पडा, त्याने मुलीचे काहीही अडणार नाही.

तुमच्या यजमानांसाठी एक स्वतंत्र विनंती आहे. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा मायेपोटी आलेली आहे, यात मला शंका नाही. मशीनवर हात काळे करून ज्यांनी घर उभे केले त्यांना आपल्या लेकीने पांढरा कोट घालावा असे वाटणे स्वाभाविकच आहे. पण लेकीला त्यांच्या कामात काहीतरी मोठे दिसते आहे, आणि त्याची कदाचित त्यांना स्वतःलाच कल्पना नाही. पुढच्या रविवारी ती वर्कशॉपमध्ये आली की त्यांनी तिला घरी पाठवू नये. छिन्नी तापवताना रंग कसा ओळखतात, पाण्याऐवजी तेलात केव्हा बुडवतात, हे त्यांना अनुभवाने जेवढे ठाऊक आहे तेवढे तिला दाखवावे, आणि डॉक्टरकीचा विषय त्या दिवशी काढू नये.

शेवटी खर्चाचे आणि कागदपत्रांचे. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, हे आत्तापासून लक्षात ठेवा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये घाबरून मॅनेजमेंटची जागा पैसे भरून घेणारे पालक मी दरवर्षी पाहतो. तुम्ही यांपैकी कोणत्या प्रवर्गात येत असाल तर उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर आणि जातवैधता प्रमाणपत्र यांच्या मागे आताच लागा. जातवैधतेला महिनोनमहिने लागतात, आणि तिचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करता येतो. परीक्षा चांगली होऊनही निव्वळ एका कागदासाठी प्रवेश खुल्या प्रवर्गातून घ्यावा लागलेली मुले दरवर्षी भेटतात. सोमवारी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन अर्जाचा नमुना घेऊन या, आणि दवाखान्यातल्या, कारखान्यातल्या त्या दोन भेटींनंतर मुलगी काय म्हणाली ते मला अवश्य कळवा.